जंतू आणि जंत

आमच्या संडासाला पत्र्याचं दार होतं. त्याची कडी लावली की खण्णकन आवाज व्हायचा, आणि घरात जो जिथं असेल तो तिथल्या तिथं आकडा म्हणायचा. सकाळी भाकरी थापता थापता माय ‘चार’ म्हणाली, तर ते चौथ्या भाकरीबद्दल नसायचं. माझा धाकटा भाऊ दत्ता चौथ्यांदा आत गेलेला असायचा. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दिवस बरा असला तर आठ वेळा, वाईट असला तर पंधरा-सोळा वेळा. तो बाहेर आला की आमचे वडील, आप्पा, एकच शब्द विचारायचे, “लाल?” दत्ता मान हलवायचा. रक्त पडलं की नाही हे विचारायला आमच्या घरात तेवढा एक शब्द पुरायचा, आणि त्या वर्षात मान आडवी हललेली मला फारशी आठवत नाही.

आठवणी लिहायला बसण्याचं माझं वय झालेलं नाही, हे मला माहीत आहे. माझी मुलगी अजून अंगणवाडीत जाते आणि मी म्हाताऱ्या बाईसारखी वही घेऊन बसले आहे, म्हणून नवरा हसतो. हसू दे. त्या एका वर्षानंतरच्या माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि त्या वर्षातलं जे मी कुणाला सांगितलं नाही, ते या दिवाळीत सांगून बसले. आता लिहायला हरकत नाही.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं, रस्त्याला लागून. आजोबांच्या काळात आमच्याकडे मोठा कळप होता आणि घरातली माणसं आठ महिने मेंढ्यांमागं फिरतीवर असायची. मला कळायला लागलं तोवर वीसेक मेंढ्या आणि चार शेळ्या उरल्या होत्या, आणि त्या सगळ्या मायच्या ताब्यात होत्या. आप्पा भोकरदनच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर लोकांचा माल तोलायचे आणि घरी येऊन दत्ताचं वजन करायचे. त्यासाठी त्यांनी जुना काटा आणून ओसरीत टांगला होता, आणि दत्ता त्याच्या आकड्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचा. “अर्धा किलो कमी भरला, व्यापाऱ्याला काय सांगू?” असं आप्पा म्हणायचे आणि दत्ता हसायचा. पुढं त्याला लोंबकळवेना, तेव्हा आप्पांनी काटा काढून ठेवला.

आधी सगळ्यांनी उष्णता म्हटलं. मग मूळव्याध म्हटलं, मग कुणीतरी केलं आहे असंही म्हणून झालं. कुड्याच्या सालीचा काढा पिऊन दत्ताची जीभ काळी पडली. आमच्या घरात ठेचा कुटणं बंद झालं, कारण त्याला चालत नाही आणि वास आला तरी तो केविलवाणं बघायचा. सकाळ-संध्याकाळ मुगाची पातळ खिचडी, वरून तुपाचा थेंब. मी भोकरदनला कॉलेजात होते. मैत्रिणीच्या डब्यातला ठेचा मी मिटक्या मारत खायचे आणि घरी येताना एस.टी.त बडीशेप चघळायचे, म्हणजे तोंडाला वास येऊ नये. दत्ताला तरीही कळायचं. “लाल मिरचीचा का हिरव्या?” असं तो कानाजवळ येऊन विचारायचा. मी खोटं बोलले तर चिडायचा. खरं सांगितलं तर म्हणायचा, “मंग बराबर सांग, लसूण किती होता?” आणि मला त्याला त्या ठेच्याचं सगळं वर्णन करून सांगावं लागायचं.

शेवटी संभाजीनगरला दुर्बीण टाकून तपासलं आणि आजाराचं नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, आणि त्या का होतात ते कुणालाच नीट ठाऊक नाही. औषधं सुरू झाली. स्टेरॉइडनं दत्ताचं तोंड गोल गरगरीत झालं आणि गावातल्या बाया मायला म्हणायला लागल्या, “पोरगं सुधारलं की ओ तुमचं!” तो सुधारत नव्हता, सुजत होता. गोळी कमी केली की रक्त परत यायचं. शाळेत एकदा वर्गातच त्याची चड्डी भरली आणि पोरांनी त्याला एक नाव पाडलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. त्यानंतर तो शाळेत गेला नाही.

त्या हॉस्पिटलचे डॉक्टर बोलायला साधे होते, मराठी बोलायचे, समोरच्याला कळलं की नाही ते पाहायचे. एक दिवस त्यांनी आम्हा चौघांना समोर बसवलं आणि सांगितलं की नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. महागातली इंजेक्शनंही देऊन झाली होती. आता दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटाला पिशवी लावायची. दुसरी वाट नवी होती, खात्रीची नव्हती. ती लहान मुलांमध्ये अजून फारशी कुणी केलेली नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. निरोगी माणसाची शी घ्यायची, ती मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, दुर्बिणीच्या नळीनं आजारी मुलाच्या आतड्यात सोडायची.

माय पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. दत्ताला हसू आवरेना. मी तर लाजेनं अर्धमेली झाले. आप्पा मात्र एकदम सरसावून बसले.

“म्हणजे रवंथ देत्यात तसंच की, सायेब,” ते म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. मग आप्पांनी सांगितलं, “मेंढीचं पोट बंद पडलं, ती रवंथ करंना, की माझा बाप दुसऱ्या धडधाकट मेंढीच्या तोंडातली रवंथ काढायचा आन् हिच्या तोंडात कोंबायचा. दोन दिवसात मेंढी चरायला लागायची. मी सोता केल्तं.”

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. “अगदी तेच आहे हे,” ते म्हणाले. माझ्या बापाला कुणा शिकलेल्या माणसानं इतकं मानानं वागवलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. येताना आप्पा गाडीत स्वतःशीच हसत होते.

तिघांच्याही तपासण्या झाल्या, रक्ताच्या आणि शीच्याही. मायला साखर निघाली. आप्पांच्या पोटात आमांश निघाला आणि ते पार ओशाळले. माझं सगळं साफ आलं. मला अठरा पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे सही माझी मला करता आली. फॉर्मवर एका रकान्यात ‘दाता’ लिहिलं होतं आणि दुसऱ्यात ‘रुग्ण’. आप्पा चष्मा लावून वाचायला लागले आणि म्हणाले, “हे उलटं लिव्हलंय, दत्ता तर हिकडं पाह्यजे.” त्यावर तिथली सिस्टरसुद्धा हसली.

डॉक्टरांनी मायला समजावून सांगितलं. त्यांचे शब्द मला जवळजवळ तोंडपाठ आहेत, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. ते म्हणाले, “मावशी, प्रत्येकाच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात. दत्ताच्या पोटातले बिघडले आहेत. उषाच्या पोटातले जंतू आपण त्याला द्यायचे.” ते चांगले जंतू म्हणाले होते का? मला वाटतं, म्हणाले होते. पण चांगले जंतू ही गोष्ट माझ्या मायनं उभ्या आयुष्यात ऐकलेली नव्हती. जंतू मारायचे असतात. साबणाच्या जाहिरातीत मारतात, विहिरीत पावडर टाकून मारतात. आणि मायच्या बोलीत जंतू आणि जंत असे दोन शब्दच नव्हते, दोन्हींना ती जंतच म्हणायची.

सिस्टरनं मला एक कागद दिला. तारखेपर्यंत दात्यानं काय पाळायचं ते त्यावर मराठीत लिहिलं होतं. ती तोंडानंही म्हणाली, “बाहेरचं खायचं नाही आणि मला विचारल्याशिवाय कुठली गोळी घ्यायची नाही.” मी मोठ्या ऐटीत ‘हो’ म्हणाले, कागदाची घडी केली आणि पुस्तकात घातली. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. दत्तानं घरी आल्याबरोबर कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेनानं इतक्या वेळा गोल काढला की कागद फाटला.

ते दिवस आमच्या घरातले शेवटचे आनंदाचे दिवस होते, म्हणून त्यांच्यावर जरा रेंगाळते. मी काय खाते याकडं पहिल्यांदाच सगळ्या घराचं लक्ष लागलं. आप्पा बाजारातून पेरू, केळी आणायचे. दत्ता माझ्या ताटासमोर मांडी घालून बसायचा आणि हुकूम सोडायचा, “ताई, भाजी आजूक घे. ते माझ्यासाठी हाये, तुझ्यासाठी न्हाई.” एकदा म्हणाला, “तुझे जंतू माझ्यात आल्यावर मी तुझ्यासारखा भांडकुदळ झालो तर?” मी म्हणाले, “आधी माझ्यासारखे मार्क पाड, मंग बोल.” तो म्हणाला, पिशवी लागली तर शाळेत जाणार नाही, हे झालं तर जूनमध्ये जाईन, त्याच वर्गात, त्याच पोरांत. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं की उषा भावाला रक्त देणार आहे. लग्नाच्या पोरीबद्दल दुसरं काही सांगणं शक्य नव्हतं.

मायचं मात्र लक्ष लागत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. एक दिवस आप्पा बाजारात गेल्यावर मला म्हणाली, “चल, गावातल्या डॉक्टरकडं जाऊन येऊ.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? त्या सायबानं मोठ्या मनानं सांगितलं म्हणून काय झालं. तुझ्या पोटात जंत हायेत म्हणला त्यो, लाखांनी. तसलंच पोराला द्यायचं का?”

आमच्यात एक रिवाज आहे. मेंढी दुसऱ्याच्या कळपात द्यायची असली, विकून म्हणा की पोरीला आंदण म्हणून म्हणा, तर आधी तिला जंताचं औषध पाजायचं. तिचं पोट साफ झालं की मगच हाती द्यायची. न पाजता दिली तर घेणाऱ्याचा सगळा कळप खराब होतो आणि देणाऱ्याची चार गावांत बदनामी होते. माय त्यात फार कडक होती. शेळीचं करडू द्यायचं असलं तरी ती बाटली घेऊन त्याच्या जबड्यात बोट घालायची. ती मला दत्ताच्या हाती देत होती. तिनं मला औषध पाजायचं ठरवलं, त्यात तिच्या दृष्टीनं वावगं काहीच नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही असं नाही. “माय, जंतू येगळे आन् जंत येगळे,” असं मी म्हणाले. “लई शिकली,” ती म्हणाली. मी अजून भांडायला हवं होतं. पण खरं सांगते, मलाही आतून वाटलं, जंताचं औषध ते काय, शाळेत सुद्धा देतात. त्यानं काय बिघडतं? गोळी घ्यायची नाही हे मला आठवत होतं, पण ती गोळी म्हणजे मोठी गोळी, तापाबिपाची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मायशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

गावातले डॉक्टर कोणत्याही आजाराला दोन दिवसांत उठवायचे म्हणून प्रसिद्ध होते. मायनं त्यांना सांगितलं, “पोरीच्या पोटात लई जंत झालेत, बिलकुल साफ झाले पाह्यजेत.” त्यांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि कागदाच्या दहा पुड्या बांधून दिल्या, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक पुडीत एक पांढरी गोळी आणि एक पिवळी कॅप्सूल. “एक जंतू शिल्लक राहणार नाही,” ते म्हणाले, आणि मायचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला. ती स्वतः उभी राहून मला पुडी द्यायची आणि मी गिळली की माझ्या पाठीवरून हात फिरवायची. लहानपणानंतर तिनं माझ्या पाठीवरून असा हात फिरवला नव्हता.

सहा पुड्या झाल्या. चौथ्या दिवशी माझं पोट ढवळलं. सातवी पुडी सकाळी मी मायला ‘घेते’ म्हणून पर्समध्ये टाकली आणि कॉलेजला गेले. दुपारी दत्ताची औषधं घ्यायला भोकरदनच्या मेडिकलमध्ये थांबले होते, तेव्हा सहज ती पुडी सोडून काउंटरवर ठेवली आणि मेडिकलवाल्या पोराला विचारलं, “ह्या कशाच्या आहेत?”

“पांढरी जंताची,” तो म्हणाला. “पिवळी अँटिबायोटिक हाये. काहून, ताप आल्ता का?”

मी बसस्टँडवर आले आणि सिमेंटच्या बाकावर बसून पुस्तकातला कागद काढला. पहिल्यांदा तो पूर्ण वाचला. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की दात्यानं मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, घेतलं असल्यास ताबडतोब कळवावं. त्याच्याखाली सिस्टरचा नंबर होता. समोर जालन्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, उन्हात कुल्फीवाला घंटी वाजवत होता. मी मोबाइल हातात धरून बसले. आमची गाडी आली आणि गेली. तारखेला अकरा दिवस होते.

मी हिशोब मांडला. कळवलं तर तीन महिने पुढं. डॉक्टर म्हणाले होते, फार थांबता येणार नाही, रक्त असंच जात राहिलं तर आतडं काढावंच लागेल. म्हणजे तारीख गेली की पिशवी आली. शिवाय सांगायचं तर कुणी दिल्या ते सांगावं लागणार, आणि मायला कळणार. सहाच तर पुड्या घेतल्यात, मी स्वतःला म्हणाले. कोट्यवधींतले थोडे मेले असतील, बाकीचे असतीलच की. मी विज्ञान शिकत होते आणि असा विचार करत होते. मी फोन केला नाही. उरलेल्या पुड्या उकिरड्यात पुरल्या आणि मायला संपल्या म्हणून सांगितलं.

त्या दिवशी आम्ही चौघं पहाटेच्या गाडीनं गेलो. मला एक झाकणाचा डबा देऊन आत पाठवलं. एरवी माझं पोट घड्याळासारखं चालायचं, त्या दिवशी अर्धा तास काही होईना आणि बाहेरून दत्ता दार ठोकत म्हणत होता, “ताई, जल्दी कर, आज तरी माझा नंबर तुझ्या मागं हाये!” सगळा वॉर्ड हसला असेल. मीही आत हसत होते आणि रडत होते. डबा दिल्यावर डॉक्टर फॉर्म घेऊन समोर आले. बाजूला आप्पा उभे होते. डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला. ताप आला होता का? बाहेरगावी गेली होतीस का? कुठलं औषध, अँटिबायोटिक?

“न्हाई,” मी म्हणाले.

त्यांनी पेनानं खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पहिले नऊ दिवस बरे गेले. आकडा पाचावर आला. एका सकाळी आप्पांनी ‘लाल?’ विचारलं आणि दत्ताची मान आडवी हलली, तेव्हा आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मी त्या नऊ दिवसांत देवाला जितके हात जोडले तितके आयुष्यात नाही. दहाव्या दिवशी रक्त परत आलं. आणखी दोनदा दिलं, दोन्ही वेळा माझंच, दोन्ही वेळा तेच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. मग ताप आला, पोट फुगलं, आणि एका दुपारी घाईनं ऑपरेशन करून त्याचं मोठं आतडं काढलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो अंथरुणात होता आणि पिशवीकडं बघायलाही तयार नव्हता. मायनं ती साफ करायला शिकून घेतलं. त्याला ते आवडायचं नाही, तो भिंतीकडं तोंड करायचा. माझ्याशी तो कधीही वाकडं बोलला नाही. उलट म्हणायचा, “तू तर दिलंस ना बापा, माझंच पोट नालायक.” दीड वर्षानं त्याच्या आतड्याला पीळ पडला, संसर्ग अंगभर गेला आणि चार दिवसांत तो गेला.

डॉक्टर आम्हाला भेटायला खाली आले होते. ते म्हणाले, हे कुणाला लागू पडतं, कुणाला पडत नाही, का पडत नाही ते आम्हालाही सांगता येत नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी त्यांच्यासमोर तीन फुटांवर उभी होते. मी तेव्हाही बोलले नाही. त्या कॅप्सूल घेतल्या नसत्या तर दत्ता वाचला असता, असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. वाचला नसता, असंही कुणी म्हणू शकत नाही, आणि मला त्या दोन्हींच्या मधेच राहायचं आहे. इथून बाहेर पडायला दार नाही, हे मी कधीच मान्य केलं आहे.

मला तीर्थपुरीला दिलं. लग्न झाल्यावर भावाला खरं काय दिलं ते लपवायची गरज उरली नाही. सणाला माहेरी आले की माय कुणा ना कुणा बाईला सांगत बसलेली असते, “पोरीनं भावासाठी किती केलं. आन् मी बी काय हयगय केली न्हाई. तिचं पोट धुतल्यासारखं साफ करून मंगच दिल्तं.” तिला तेवढाच आधार होता. मी दरवेळी ऐकत होते आणि चहाचे कप उचलून आत जात होते. मी तिला जपते आहे, असं मला वाटायचं. त्याचा मला थोडा अभिमानही होता, हे लिहून टाकते.

या दिवाळीत गेले तर ओसरीत शबाना भाभी बसली होती. तिच्या नवऱ्याचं गावात गाद्या भरायचं दुकान आहे. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला दत्तासारखाच आजार निघाला होता. तिलाही तसाच उपाय सांगितला होता, आणि मोठ्या भावाचे रिपोर्ट बराबर आले होते. भाभी मलाच भेटायला आली होती. “उषाबाई, तुम्ही केल्तं ना? डर लागून राह्यला मला,” ती म्हणाली. “पोरगीला काही हुईल का?”

मी काही बोलण्याआधी माय पुढं सरकली. “भ्यायचं काय त्यात? फकस्त एक कर. पोराला आधी गावातल्या डॉक्टरकडं ने. जंताच्या पुड्या देत्यात ते, पाच दिवसांच्या. पोट साफ करून घे आन् मंगच दे. आम्ही तसंच केल्तं.”

“हां, ते बराबर हाये,” शबाना भाभी म्हणाली. “उद्याच नेते.”

मी उभी होते, ती खाली बसले. आजवर ज्या वाक्याला मी कप उचलून आत जायचे, ते वाक्य आता दुसऱ्या कुणाच्या घरी निघालं होतं. “न्हाई भाभी,” मी म्हणाले. “बिलकुल न्यायचं न्हाई. एक गोळी द्यायची न्हाई त्याला. त्या पुड्यांत अँटिबायोटिक असतं. त्यानं जे द्यायचं तेच मरतं. मी घेतल्त्या त्या. माझ्या घेण्यानं सगळं खराब झालं असंल.” मी भाभीच्या मोबाइलमध्ये हॉस्पिटलचा नंबर टाकून दिला आणि काहीही विचारायचं असलं तर तिथंच विचारा म्हणून सांगितलं. हे सगळं बोलताना मी मायकडं पाहिलं नाही.

भाभी गेली. मेंढ्या यायची वेळ झाली होती. माय तशीच बसून होती, हात मांडीत ठेवून. मग म्हणाली, “किती घेतल्त्या?”

“सहा पुड्या. मंग मला कळलं. मंग टाकून दिल्या.”

“कवा कळलं?”

“तारखेच्या अकरा दिवस आधी.”

ती मान हलवत राहिली. मी तिच्याजवळ सरकले आणि इतकी वर्षं पाठ केलेलं बोलून टाकलं. “माय, तुझा काही दोष न्हाई. तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस. म्हणून मी तुला बोलले न्हाई.”

माय माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“मला न्हाई सांगितलं ते जाऊ दे गं,” ती म्हणाली. “मी अडाणी हाये. तू डॉक्टरला काहून न्हाई बोलली?”